घरात दोन वर्षांचं मूल, दुसरं दत्तक घ्यायचंय: मधल्या वर्षांची तयारी

पहिलं मूल दीड-दोन वर्षांचं झालं, की दुसरं दत्तक घ्यायचं ठरवलेली जोडपी काराकडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करतात. मनातलं चित्र साधारण ठरलेलं असतं: थोरलं तीन वर्षांचं, धाकटं पाळण्यात, दोघं बरोबरीनं वाढतायत. प्रत्यक्षात दोन वर्षांखालच्या निरोगी बाळासाठी आज तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. म्हणजे आज ज्याची डायपर सुटलेली नाही, ते मूल बाळ घरी येईल तेव्हा सिनिअर केजीत नाहीतर पहिलीत असेल. ही एक गोष्ट लक्षात घेतली तर तयारीचा सगळा क्रमच बदलतो. कागदपत्रं आज करायची आणि मुलाला सांगायचं काम पुढे ढकलायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दोन वर्षांच्या पोराला 'आपल्याकडे बाळ येणार' असं रोज सांगितलं जातं आणि फाइल मात्र विवाह नोंदणीच्या दाखल्यावाचून अडून राहते.

आधी नियमांचं बघू, कारण आधीच एक मूल असलेल्या घराला त्यातले दोन-तीन थेट लागू होतात.

२०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे ज्या जोडप्याला दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांना फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला कुटुंब मिळणं अवघड जातं असं मूल दत्तक घेता येतं. नात्यातलं मूल आणि सावत्र मूल याला अपवाद आहेत. २०१७ च्या नियमावलीत ही मर्यादा तीन मुलांची होती. तुम्हाला एक मूल असेल तर आज अडचण नाही. पण थांबण्याच्या काळात दिवस राहिले आणि बाळ झालं, तर तुम्ही दोन मुलांच्या गटात जाता आणि नेहमीच्या यादीतून बाहेर पडता. यादीत आधीपासून असलेल्या पालकांनाही हा बदल लागू केला गेला. त्याविरुद्ध काही जण न्यायालयात गेले होते, पण दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नियम वैध ठरवला. म्हणून नोंदणीच्या आधीच नवरा-बायकोने मधल्या वर्षांतल्या गर्भधारणेबद्दल स्पष्ट बोलून घ्यावं. गर्भनिरोधनाचा विषय दत्तकाच्या फाइलशी इतका जोडलेला असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो: 'आम्हाला मुलगी आहे, दुसरीही मुलगीच हवी आहे, चालेल का?' चालेल. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्यात मुलगा असताना मुलगा आणि मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. जुन्या वकिलांच्या डोक्यात अजून तोच कायदा असतो. काराची प्रक्रिया मात्र बाल न्याय कायद्याखाली चालते आणि त्यात अशी अट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच, स्वतःची मुलगी असलेल्या जोडप्याला बाल न्याय कायद्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येते, असं स्पष्ट केलं आहे.

तिसरा मुद्दा वयाचा. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९० आहे. शिवाय दोघांपैकी प्रत्येकाच्या आणि मुलाच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. चाळिशीजवळ पहिलं मूल झालेल्यांनी ही बेरीज आजच करावी आणि नोंदणी लांबवू नये. 'दोघांच्या वयात फार अंतर पडेल' म्हणून काही जण २ ते ४ चा गट निवडतात. त्यात अंतर कमी राहतं हे खरं, पण नंबर लवकर लागला तर येणारं मूल वयानं थोरल्याच्या बरोबरीचं किंवा मोठंही असू शकतं. घरातला मोठा कोण, हे एका दिवसात उलटं करणं दोघांनाही जड जातं. माझं मत विचाराल तर चार-पाच वर्षांचं अंतर हे नुकसान नाही. पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट समजते, त्याला वाट पाहता येते आणि 'मला राग आला' हे तो तोंडानं सांगू शकतो. अडीच वर्षांचं मूल तेच चावून सांगतं.

नोंदणी काराच्या केअरिंग्ज या ऑनलाइन पोर्टलवर होते, संस्थेत जाऊन नाही. नोंदणी झाल्यावर ३० दिवसांत कागद चढवावे लागतात: पॅन, जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं आणि कुटुंबाचा फोटो. फोटोत थोरलं मूल हवंच. आपल्याकडे सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या बायकोच्या नावावर. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मदाखल्यावर फक्त स्वतःचं आणि वडिलांचं. ही नावं नोंदणीआधी एकसारखी करून घ्या. विवाह नोंदणी झालेली नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटोंवर भागत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी नोंदणी करा आणि दाखला हातात आल्यावरच पोर्टल उघडा. वैद्यकीय प्रमाणपत्रात जुनाट, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नाही आणि व्यक्ती दत्तक घ्यायला सक्षम आहे, असा स्पष्ट उल्लेख लागतो. नुसतं 'तपासलं, तब्येत ठीक' असं लिहिलेलं प्रमाणपत्र परत येतं.

घरातलं मूल पाच वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याची संमती घेतली जाते. आज ते दोन वर्षांचं आहे म्हणून हा प्रश्न नाही. पण गृहअभ्यास अहवाल, म्हणजे समाजसेविकेनं घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल, तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागतो, आणि तोवर तुमचं मूल पाचाला पोचलेलं असतं. अहवालाची मुदत नेमकी तुमचा नंबर जवळ आला असतानाच संपते, हे आणखी एक. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दोन-तीन महिने आधीच संस्थेला मेल पाठवा. घर किंवा शहर बदललं, नोकरी बदलली, तर तेही लगेच कळवा.

गृहअभ्यासासाठी जवळच्या विशेष दत्तक संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविका येतात. कागद पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत हा अभ्यास व्हावा, अशी अपेक्षा आहे. पुण्यात सोफोशची 'श्रीवत्स' किंवा भारतीय समाज सेवा केंद्र ही अशा संस्थांची जुनी नावं. घरात लहान मूल असलं की या भेटीत त्यांचं अर्धं लक्ष त्याच्याकडे असतं, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही पालक म्हणून कसे आहात, याचा जिवंत पुरावा समोर खेळत असतो. मूल हट्ट करतं तेव्हा तुम्ही काय करता, कोण उठतं, कोण नुसतं ओरडतं, हे दिसतं. मुलाला गप्प बसवण्यासाठी मोबाइल देऊन ठेवू नका. त्याच्या झोपेची वेळ टाळून भेट ठरवा, एवढं पुरे. त्याचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवा.

प्रश्न ठोस असतात. दिवसा मुलाला कोण सांभाळतं? दुसरं आल्यावर तीच व्यक्ती दोघांना सांभाळणार का, तिचं वय काय? रजा किती मिळेल? तुम्हा दोघांना काही झालं तर मुलांचं पालकत्व कोण घेईल, आणि त्या व्यक्तीला हे विचारलंय का? आजी-आजोबा घरात राहत असतील तर त्यांच्याशीही बोलणं होतं. तिथे आजीच्या तोंडून 'आमचं सख्खं आहेच की एक, हे आपलं पुण्याचं काम' असं वाक्य निघालं, की समाजसेविकेची लेखणी थांबते. आजीला पढवून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. ती दोन्ही नातवंडांना एकाच मापानं वागवणार का, वाटण्या, दागिने, सणाचे कपडे यांत फरक करणार का, हे भेटीच्या कितीतरी आधी घरात बोललं गेलं पाहिजे. तिच्या मनात किंतु असेल तर तो बाहेर यायला वेळ द्या. तीन वर्षं हाताशी आहेत, आणि त्यांचा हा चांगला उपयोग आहे.

मुलाला कधी सांगायचं, यावर माझं मत ठाम आहे: तीन वर्षांखालच्या मुलाला 'बाळ येणार' हे सांगू नये. त्याला 'उद्या' आणि 'पुढच्या वर्षी' यातला फरक कळत नाही. सकाळी सांगितलं तर संध्याकाळी ते दारात जाऊन बघतं, मग विचारत राहतं, मग विश्वास ठेवायचं सोडतं. पाळणाही आत्ता आणू नका. रिकामा पाळणा तीन वर्षं घरात ठेवणं मुलासाठी कोड्यासारखं आणि मोठ्यांसाठी त्रासदायक. त्याला आत्तापासून दादा किंवा ताई म्हणून हाक मारायलाही सुरुवात करू नका. धाकटं नसताना मोठेपण लादलं की मूल त्याचाच राग धरतं.

'दत्तक' हा शब्द मात्र पहिल्या दिवसापासून घरात मोकळेपणानं वापरा. गोष्टी सांगताना, ओळखीच्या कुटुंबाबद्दल बोलताना. काही बाळं आईच्या पोटातून त्याच आईकडे येतात, काही बाळं एका आईच्या पोटातून जन्मतात आणि दुसऱ्या आई-बाबांकडे वाढतात. दोन वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. 'पहिल्या आईला नको होतं' असं कधीही म्हणू नका. 'तिला सांभाळणं शक्य नव्हतं' हे खरं आहे आणि पुढे धाकट्याच्या कानावर गेलं तरी टोचत नाही. 'आपण दुकानातून निवडून आणू' असं गमतीतही नको. मग हट्ट केला की आपल्यालाही परत देतील, ही भीती थोरल्याच्या मनात बसते. प्रत्यक्ष बातमी सांगायची ती नंबर लागून पोर्टलवर बाळ राखून ठेवल्यावर आणि संस्थेत जाऊन सगळं नक्की झाल्यावर. पाच वर्षांच्या मुलाला तयारीसाठी दोन-तीन आठवडे पुरतात.

या काळात ओळखीतून एखादा 'दवाखान्यातून थेट नवजात बाळ' सुचवणारा भेटतोच. तो रस्ता गुन्ह्याचा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० नुसार, ठरलेल्या प्रक्रियेबाहेर मूल दिलं किंवा घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदेशीर मार्गानं दोन-चार दिवसांचं बाळ मिळतच नाही, आणि त्यामागं कारण आहे. स्वतःहून सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. टाकून दिलेल्या, दोन वर्षांखालच्या बाळाचे पालक शोधायला दोन महिन्यांची मुदत असते. त्यानंतरच बाल कल्याण समिती बाळ दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते. तेव्हा तुमच्याकडे येणारं बाळ चार, सहा, दहा महिन्यांचं असेल, असं धरून चाला. कपडे, बाटल्या, पाळणा यांची खरेदी वय कळल्यावरच करा.

नंबर लागला की मेल आणि एसएमएस येतो. पोर्टलवर बाळाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, आणि बाळ राखून ठेवायला ४८ तास मिळतात. हे ४८ तास वाया जातात ते साध्या कारणांनी: नोंदणीतला मोबाइल नंबर बंद झालेला, मेल स्पॅममध्ये गेलेली, पासवर्ड फक्त एकालाच माहीत, बालरोगतज्ज्ञ सुट्टीवर. नंबर जवळ आला की आठवड्यातून दोनदा लॉगिन करा. थोरल्याच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, 'असा अहवाल येईल, त्याच दिवशी बघाल का?' आणि दुसरे एक डॉक्टर राखीव ठेवा.

डॉक्टरांना काय विचारायचं? जन्माचं वजन आणि आजचं वजन एवढ्यावर काही ठरत नाही, मधली दोन-तीन वजनं मागा. वजन कमी असलं तरी रेषा वर चढत असेल तर ते चांगलं लक्षण. डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढतोय का, हे वजनापेक्षा महत्त्वाचं. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं असेल तर मान धरणं, बसणं हे सुधारित वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचं वय, धरून मोजायचं. आईकडून आलेल्या अँटिबॉडींमुळे एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी १८ महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून अशा वेळी थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा निकाल विचारायचा. राखून ठेवल्यावर प्रत्यक्ष भेट आणि जुळणी ३० दिवसांत होते. त्या काळात बाळाला आपल्या डॉक्टरांना दाखवता येतं. तीन वेळा अशी संधी मिळते आणि तिन्ही नाकारल्या तर यादीतली जागा जाते. 'नाक कसं आहे, रंग कसा आहे' यावर एकही संधी घालवू नये, हे इथे लिहावं लागतं कारण लोक घालवतात. बाळाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ते अजून कायद्यानं तुमचं झालेलं नाही आणि त्याची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

संस्था दुसऱ्या राज्यातही असू शकते. थोरल्याला न्यायचं असेल तर त्याच्यासाठी एक वेगळं मोठं माणूस बरोबर हवं, मावशी किंवा काका, ज्याचं काम फक्त त्याला बघणं. तसं कुणी नसेल तर त्याला घरी ठेवा. संस्थेत दोन-तीन दिवस सलग जा, लगेच बाळ घेऊन निघू नका. जी ताई बाळाला भरवते तिच्याकडून शिकून घ्या: कुठल्या पावडरचं दूध, किती मिली, दर किती तासांनी, बाटली की वाटी-चमचा, झोपताना कुशीवर की पाठीवर, अंघोळ किती वाजता. बाळ वापरतं ते दुपटं न धुता मागून घ्या, त्याचा ओळखीचा वास पहिल्या रात्री उपयोगी पडतो. दुधाची पावडर किमान दोन आठवडे बदलू नका. आधी मोजून उकळून गार केलेलं पाणी, मग सपाट चमचा. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असतं, तरी डब्यावरचं वाचा. 'अंगी लागावं' म्हणून जास्त पावडर घातली की बद्धकोष्ठ होतो. लसीकरण कार्डाची मूळ प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

घरी आल्यावर दोन गोष्टी तपासून घ्या. एक, खरूज. अनेक मुलं एकत्र राहतात तिथे ती सहज पसरते, आणि निघालीच तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर आठवड्यात परत येते. दोन, थोरल्याच्या लसी पूर्ण आहेत ना. नऊ महिन्यांखालच्या बाळाला गोवरची लस मिळालेली नसते आणि शाळेतून संसर्ग आणणारा थोरलाच असतो.

पहिल्या आठवड्यांत बाळ फार रडत नसेल तर 'किती शहाणं बाळ' म्हणून सोडून देऊ नका. रडल्यावर लगेच कुणी येत नाही, हे ते कदाचित शिकलेलं असतं. भूक लागेपर्यंत न थांबता वेळेवर दूध द्या, मांडीवर घेऊन, डोळ्यांत बघत. पहिला महिना भरवणं, अंघोळ, झोपवणं आई-बाबांनीच करावं. आत्या-मामींनी खेळवावं, भरवू नये. बारसं थाटात करायचं असेल तर दोन महिन्यांनी करा. पन्नास माणसांच्या हातांतून फिरणं बाळाला त्या वेळी झेपत नाही.

थोरला या काळात मागे जातो. अंथरूण ओलं होतं, बाटलीतून दूध मागतो, 'मला भरव' म्हणतो. बाटली मागितली तर द्या. दोन-चार दिवसांत कंटाळून स्वतःच सोडतो. 'एवढा मोठा झालास आणि...' या वाक्यानं तेच महिनाभर लांबतं. शाळा बदलणं, वेगळ्या खोलीत झोपवणं हे बाळ यायच्या तीन महिने आधी तरी करा, नाहीतर पुढच्या सहा महिन्यांत करू नका. रोज वीस मिनिटं आई आणि वीस मिनिटं बाबा फक्त त्याचे, बाळ त्या वेळी दुसऱ्याच्या हातात. आणि बाळाजवळ थोरल्याला एकट्याला सोडायचं नाही. तो प्रेमानंच शेंगदाणा भरवतो किंवा उचलून घ्यायला जातो. तीन सेंटिमीटरहून बारीक खेळण्यांची पेटी वरच्या फळीवर ठेवा, न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करा.

शेजारी थोरल्यासमोर विचारतात, 'कुणाचं गं हे?' उत्तर एकच: 'आमचं.' जात, धर्म, कुठून आणलं, ही माहिती बाळाची आहे, ती मोठं झाल्यावर त्यालाच द्यायची. थोरल्यालाही हे एक वाक्य शिकवून ठेवा, कारण शाळेच्या रिक्षात त्याला एकट्यालाच उत्तर द्यावं लागतं.

रजेचं आधीच लेखी विचारून घ्या. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील आणि दत्तक बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर १८० दिवसांची रजा असते. खासगी नोकरीत मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांखालच्या दत्तक बाळासाठी १२ आठवडे दिले. पण वर सांगितलेल्या मुदतींमुळे बहुतेक बाळं तोवर तीन महिने ओलांडून जायची. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, म्हणून आज कुठला नियम लागू आहे आणि कंपनीचं स्वतःचं धोरण काय आहे ते मेलवर मागा.

बाळ आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याकडे येतं. दत्तकाचा आदेश बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे, आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत ठरवली आहे. तोवर दवाखान्यात, प्रवासात संस्थेचं पत्र जवळ बाळगा. आदेश मिळाला की तुमचं नाव पालक म्हणून असलेला जन्मदाखला निघतो. त्यातलं स्पेलिंग थोरल्याच्या दाखल्यावरच्या आई-वडिलांच्या नावांशी अक्षरशः जुळवून घ्या. मग आधार, मग आरोग्य विमा. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला येतात. त्या थोरल्याशीही बोलतात. त्या दिवशी त्याला शाळेतून लवकर आणायला हरकत नाही.